लढत पाहण्याची किंमत: जत्रेच्या फडापासून पे-पर-व्ह्यूपर्यंत

१/८
परभणी जिल्ह्यातील गावजत्रेत कुस्तीच्या फडाला सहसा तिकीट नसते. हलगी कडाडते, लोक मातीभोवती कडे करून बसतात. पोरांच्या कुस्त्या रेवड्या-नारळावर लागतात आणि दिवस कलताना मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती होते. पाहणाऱ्याला पैसा पडत नाही; मग मल्लाचे इनाम येते कोठून?

२/८
गावाच्या वर्गणीतून. पीक साधले तर इनाम वाढते, दुष्काळात आटते. म्हणजे ही लढतही फुकट नव्हे. तिची किंमत गाव आधीच भरून ठेवते आणि ज्याला काही देता आले नाही, त्यालाही कड्यात जागा मिळते.

३/८
परभणी निजामाच्या राज्यात असताना, तिकडे कोल्हापुरात हा भार राजाने उचलला होता. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आणि मल्लांना आश्रय दिला. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. मध्ये मातीचा हौदा आणि भोवती चढती बैठक, जेणेकरून शेवटच्या रांगेतूनही डाव दिसावा.

४/८
१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रय सरला, तिकिटाचे महत्त्व वाढले. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना लोक तिकीट काढून जात. पण मैदानात माणसे मावतील तेवढीच तिकिटे खपणार.

५/८
ही मर्यादा अमेरिकेत मोडली. जून १९५१ मध्ये जो लुई आणि ली सॅव्होल्ड यांचे मुष्टियुद्ध निवडक शहरांतील चित्रपटगृहांत तिकीट लावून थेट दाखवले गेले. पुढे केबल आली आणि तिकीटखिडकी घराघरांत पोहोचली. एका लढतीचे पैसे भरल्यावरच पडदा उघडायचा, हेच पे-पर-व्ह्यू.

६/८
१९९३ मध्ये यूएफसीची पहिली स्पर्धा घरी पाहण्यास १४.९५ डॉलर लागत. २०२३ मध्ये हा दर ७९.९९ डॉलर झाला. महागाई वजा केली तरी ही वाढ दुपटीहून अधिक. २ मे २०१५ च्या मेवेदर–पॅकियाओ लढतीस एचडी प्रक्षेपणाचे ९९.९५ डॉलर, तेव्हाचे ६,००० रुपयांहून अधिक, पडले. तरी सुमारे ४६ लाख ग्राहकांनी ते भरले.

७/८
दर का चढला? मोठी लढत एकदाच होते आणि तिला पर्याय नसतो. मोठ्या मुष्टियोद्ध्यांना या विक्रीत वाटा मिळे. त्यामुळे किंमत उतरवण्यात कोणाचेच हित नव्हते. प्रेक्षकांनी मात्र जुनाच उपाय शोधला: मित्रांनी पैसे गोळा करायचे आणि एकाच्या घरी जमून लढत पाहायची.

८/८
ऑगस्ट २०२५ मध्ये यूएफसीने पॅरामाउंटशी ७ वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. त्यानुसार २०२६ पासून अमेरिकेत वेगळे पे-पर-व्ह्यू नाही. मासिक वर्गणीतच लढती. शब्द तोच, वर्गणी. पण तेथे ती न भरणाऱ्यासमोर पडदा काळा राहतो. परभणीच्या फडात खिसा रिकामा असलेले पोरही मातीच्या कडेला बसून डाव शिकते आणि उद्याचा मल्ल बहुधा त्याच पोरांतून उठतो. कुस्तीची मोफत जागा गेली, तर पहिला तोटा प्रेक्षकाचा नव्हे, कुस्तीचाच होईल.