पहिलं सुवर्णपदक कुणाचं?

ऑस्कर जाहीर झाले की दुसऱ्या दिवशी मोबाइलवर भांडणं सुरू होतात. राष्ट्रीय पुरस्कारांचंही तेच. ‘याला कसं काय दिलं? खरा हक्कदार तर तो होता!’ आपल्याकडे हा वाद पहिल्या राष्ट्रीय पुरस्काराइतका जुना आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी चित्रपट आहे.

१९५१ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने आपला अहवाल दिला आणि चांगल्या चित्रपटांना सरकारने उत्तेजन द्यावं, हा विचार पुढे आला. १९५४ मध्ये पहिले सरकारी पुरस्कार दिले गेले. १९५३ सालचा देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ची बोळवण गुणवत्ता प्रमाणपत्रावर झाली.

देशातलं पहिलं सुवर्णपदक मराठीने आणलं, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वर्षी मागे कोण राहिलं, हे मात्र फारसं सांगत नाही. म्हणून दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून बघू. दोन्ही आज सहज बघायला मिळतात.

आधी ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. १९५० च्या जून महिन्यात गुरुजी गेले आणि १९५३ च्या मार्चमध्ये चित्रपट आला. म्हणजे प्रेक्षक थिएटरात शिरला तेव्हा गुरुजींच्या जाण्याचं दुःख अजून ताजं होतं आणि पुस्तक अनेक घरांत वाचलेलं होतं. आईच्या भूमिकेत वनमाला, श्यामच्या भूमिकेत माधव वझे, संगीत वसंत देसाईंचं.

ही आई रडूबाई नाही. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला ती फोक घेऊन विहिरीकडे पिटाळते. अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामपुढे ती आपलं ओलं लुगडं पसरते, आणि पायांइतकंच मनही स्वच्छ ठेव म्हणून बजावते. मोळी उचलता न येणाऱ्या दलित म्हातारीला मदत करायला ती मुलाला पाठवते. हे ज्यांनी लिहिलं, त्या गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं होतं. आईने लावलेलं वळण पुढे कुठे पोहोचलं, हे प्रेक्षकाला माहीत होतं. चित्रपटाचं निम्मं बळ या माहितीत होतं.

आता ‘दो बिघा जमीन’. शंभू महतो हा दोन बिघ्यांचा शेतकरी. जमीनदाराला गिरणीसाठी जागा विकायची आहे आणि शंभूचा तुकडा मधोमध आडवा येतो. शंभूच्या हिशेबाने कर्ज ६५ रुपयांचं, जमीनदाराच्या वहीत ते २३५ रुपये होतं. कोर्ट ३ महिन्यांची मुदत देतं. शंभू कोलकात्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. बलराज साहनींनी या भूमिकेसाठी खरोखर रिक्षा ओढण्याचा सराव केला. कॅमेरा स्टुडिओ सोडून कोलकात्याच्या रस्त्यावर उतरला. जास्त पैशांच्या आमिषाने शंभू गिऱ्हाइकाला घेऊन जीव तोडून धावतो आणि रिक्षाचं चाक निखळतं, तो प्रसंग बघा. एकही भाषण नाही, तरी माणसाचं जनावर कसं होतं ते समजतं.

हा चित्रपट तेव्हा दुर्लक्षित राहिला असंही नाही. मार्च १९५४ मध्ये पहिले फिल्मफेअर पुरस्कार वाटले गेले. पुरस्कार फक्त पाच होते आणि कौल वाचकांचा होता. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन ही दोन्ही बक्षिसं ‘दो बिघा जमीन’ने नेली. त्याच वर्षी कान महोत्सवातही त्याला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आपला नेहमीचा समज असा की जनतेला रडारड आवडते आणि गंभीर चित्रपट जाणकार समित्या निवडतात. इथे उलटं झालं. सिनेमासिकाच्या वाचकांनी रिक्षावाला निवडला, सरकारी समितीने आई.

असं का झालं असावं? सरकारी पुरस्कारांमागे कलात्मक आणि तांत्रिक दर्जाइतकंच शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्यही अपेक्षित होतं. या दुसऱ्या मापाने मोजलं तर ‘श्यामची आई’समोर कुणाचाच टिकाव लागणं कठीण होतं. देश स्वतंत्र होऊन जेमतेम सात वर्षं झालेली. चांगला नागरिक कसा घडवायचा, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता आणि इथे एक गरीब आई तो घडवून दाखवत होती.

‘दो बिघा जमीन’चा प्रश्न अडचणीचा होता. जमीनदार वाईट, एवढ्यावर तो थांबला असता तर सोयीचं होतं, कारण जमीनदारी हटवण्याचे कायदे तेव्हा होतच होते. पण शंभूची जमीन गिळते ती गिरणी, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या त्या काळात गिरणी म्हणजे प्रगती. त्या प्रगतीची किंमत कोण मोजतं, हे चित्रपट विचारतो. समितीने घाबरून त्याला डावललं, असा आरोप मी करत नाही. पण पदक देणाऱ्याला कोणता चित्रपट जवळचा वाटला असेल, हे यातून लक्षात येतं.

गंमत म्हणजे दोन्ही कथांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: कर्ज. श्यामचं घराणं खोतांचं, खाऊनपिऊन सुखी. सावकारी पाशात ते बुडतं, जप्ती येते, आणि त्या अपमानात आई खंगत जाते. शंभूचंही तेच. फरक आहे तो पुढे काय करायचं यात. ‘श्यामची आई’ सांगते, घर गेलं तरी मन मळू देऊ नकोस. शंभूचं मन मुळात निर्मळच आहे, आणि त्याचा काहीही उपयोग होत नाही.

माझं मत विचाराल तर सुवर्णपदक ‘दो बिघा जमीन’ला मिळायला हवं होतं. त्यात दोष आहेत. उत्तरार्धात योगायोगांची रेलचेल आहे: शंभूची बायको नेमकी कोलकात्यात येते, नेमकी गाडीखाली सापडते आणि तिला न्यायला बोलावलेली रिक्षा नेमकी शंभूची निघते. हे जुळवून आणलेलं वाटतं. तरीही मी त्याच्या बाजूने आहे, कारण पुरस्कार चित्रपटाचा आहे. चित्रपटाने स्वतःच्या साधनांनी काय उभं केलं, हे आधी पाहायला हवं. ‘श्यामची आई’मधले सर्वांत हलवणारे प्रसंग पुस्तकात आधीच तितक्याच ताकदीने आहेत. अत्र्यांनी ते निष्ठेने आणि साधेपणाने पडद्यावर आणले, हे मोठं काम आहे. पण कोलकात्याचा रस्ता, गर्दी, चाकांची घरघर आणि त्यात धावणारे अनवाणी पाय हे कॅमेऱ्याशिवाय शक्य नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, प्रादेशिक भाषेतल्या चित्रपटाला पहिलं पदक मिळालं, हे काय थोडं झालं? थोडं नाहीच. हिंदीचा दबदबा असताना असं होणं महत्त्वाचं होतं. पण त्या पदकाने मराठी सिनेमाची वाट लगेच मोकळी झाली नाही. पुढच्या वर्षी अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं रौप्यपदक मिळालं. देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून पुन्हा मराठी नाव पुकारलं जायला मात्र ‘श्वास’ यावा लागला, तोही २००३ सालच्या पुरस्कारांत. पन्नास वर्षांनी! मग ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. यातला ‘श्वास’ मला श्यामच्या आईच्या घरातला वाटतो: एक आजोबा, एक नातू, माया आणि धीर. ‘कोर्ट’ मात्र शंभूच्या वस्तीतला आहे. तिथे कुणाच्याही मनाची परीक्षा होत नाही. यंत्रणा आपल्या गतीने चालत राहते आणि एक लोकशाहीर तिच्यात भरडला जातो. १९५३ साली जो प्रश्न प्रमाणपत्रावर थांबला, तो २०१४ साली मराठीतूनच सुवर्णकमळापर्यंत गेला.

‘दो बिघा जमीन’च्या शेवटी शंभू बायकामुलासह गावी परततो. जमिनीवर गिरणी उभी राहतेय. कुंपणापाशी वाकून तो मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी त्याला हटकतो आणि ती मूठही रिकामी करायला लावतो. श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून आईने लुगडं पसरलं होतं. या माणसाला हातभरही माती मिळत नाही. दोन्ही प्रसंग एकाच वर्षीच्या पडद्यावर होते. या शनिवार-रविवारी ते पाठोपाठ बघा आणि तुमचं पदक कुणाला ते ठरवा.