कारणे द्या : बुटका बॉक्सर जिंकतो

आपल्या इतिहासाच्या पेपरात ‘कारणे द्या’ हा प्रश्न हमखास असायचा. सनावळी पाठ असली तरी तिथे गुण जायचे. तसाच एक प्रश्न या स्मरणिकेत सोडवायला घेतला आहे. उंच प्रतिस्पर्ध्यासमोर बुटका बॉक्सर कसा जिंकतो? कवायतीच्या रांगेत माझ्यासारखे कायम पुढे उभे राहिलेले मित्रमैत्रिणी तो जरा जास्त आवडीने वाचतील.

पहिले कारण भूमितीचे. उंच खेळाडूचे हात बहुधा लांब असतात. तो दूर राहून सरळ ठोसे मारतो आणि बुटक्याचे हात त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मागे सरकून मार चुकतो, पण लढत जिंकता येत नाही. अगदी जवळ गेले की मात्र गणित उलटते. लांब हाताला ठोसा मारायला जागा उरत नाही. आखूड हात कोपरात वाकून बरगड्यांवर, हनुवटीवर सहज बसतो. प्रश्न उरतो तो मधले दोन-तीन फूट ओलांडायचा.

न्यूयॉर्कचे प्रशिक्षक कस डमॅटो यांनी त्यासाठी पद्धत बसवली. मुठी गालांशी, कोपरे बरगड्यांशी, आणि डोके सतत हलते. ठोशांना क्रमांक देऊन ते त्यांचा सराव करून घेत. त्यांचा शिष्य फ्लॉइड पॅटरसन १९५६ मध्ये २१व्या वर्षी हेवीवेट विजेता झाला. १९८६ मध्ये माइक टायसनने २०व्या वर्षी तो विक्रम मोडला. सुमारे पाच फूट दहा इंचांच्या टायसनने सहा फुटांहून उंच ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत हरवले. ते पाहायला डमॅटो नव्हते. वर्षभर आधीच त्यांचे निधन झाले होते.

दुसरे उदाहरण जो फ्रेझियरचे. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्यासमोर सहा फूट तीन इंचांचा महंमद अली होता. फ्रेझियर सहा फुटांनाही किंचित कमी. उजव्या हाताने खालून वर ठोसा मारताना अलीचा चेहरा उघडा पडतो, हे प्रशिक्षक एडी फच यांनी हेरले होते. खो-खोत झुकांडी द्यावी तसा फ्रेझियर वाकत, डुलत आत शिरत राहिला. पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने अली पाठीवर पडला. पंचांनी एकमताने फ्रेझियरला विजयी ठरवले.

पण उत्तर इथे संपवले तर निम्मेच गुण मिळतील. आत शिरायची वाट समोरच्याच्या ठोशांतून जाते. त्या विजयानंतर फ्रेझियरला रुग्णालयात राहावे लागले. जवळूनही जबर मारणारा जॉर्ज फोरमन १९७३ मध्ये किंग्स्टनला समोर आला, तेव्हा तीच पद्धत उलटली. दोन फेऱ्यांत फ्रेझियर सहा वेळा खाली पडला. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात अलीशी चौदा फेऱ्या झाल्या, तोवर त्याचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. त्याला पुढे लढायचे होते. फच यांनी पंधरावी फेरी होऊ दिली नाही.

अलीच्या बचावातली फट दाखवणारे फच आणि हरणे पत्करून शिष्याला थांबवणारे फचच. बुटक्या बॉक्सरच्या यशाची कारणे लिहिताना मी उंचीच्या गणिताइतकेच गुण या दुसऱ्या कामाला देईन. आपल्या गुरुजनांना हे वेगळे समजावून सांगायला नको.