दिनविशेष : ११ जानेवारी
इव्हा ल गॅलियन (१८९९–१९९१)

अभिनेत्री व दिग्दर्शिका इव्हा ल गॅलियन यांचा आज जन्मदिन. जन्म लंडनचा, कारकीर्द अमेरिकेतली. ‘लिलिओम’ (१९२१) आणि ‘द स्वान’ (१९२३) या नाटकांनी त्यांना ब्रॉडवेची तारका बनवले. पण एकच नाटक महिनोन्‌महिने दामटायचे, हा तिथला धंदा त्यांना मानवला नाही. १९२६ मध्ये, अवघ्या २७व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावरच्या जुन्या थिएटरात ‘सिव्हिक रेपर्टरी थिएटर’ सुरू केले. इब्सेन, चेकॉव्ह, शेक्सपिअर यांची नाटके आलटून-पालटून लागत. (आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांना ही रीत नवी नव्हती.) महागातले महाग तिकीट दीड डॉलरचे! ‘पीटर पॅन’मध्ये त्या तारेला लटकून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडत. नवोदितांना प्रशिक्षण फुकट. अभिनेते बर्जेस मेरेडिथ तिथेच शिकलेले. १९३१ मध्ये घरी गॅसच्या स्फोटात हात भाजले, तरी त्या रंगमंचावर परतल्या. महामंदीने मात्र संस्था बुडवली. दीड डॉलरच्या तिकिटावर ती तगून होती ती देणगीदारांच्या जिवावर, आणि मंदीत तोच आधार आटला. इब्सेनची त्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे पुढे अनेकांनी रंगमंचावर आणली.