ऊर्जानगरचा उन्हाळा

शहराचा इतिहास राजांच्या याद्यांतून व लढायांच्या वर्णनांतून वाचण्याची आपल्याला संवय झाली आहे. परंतु जेथें वैशाखांत दुपारचे रस्ते ओस पडतात, तेथें लोक काय पितात, कोठें बसतात व कोणता सण कसा साजरा करतात, यावरूनही त्या वस्तीचा इतिहास वाचतां येतो. चंद्रपूर हें असें शहर आहे. २०१९ च्या मे महिन्यांत येथला पारा ४८ अंशांवर गेला होता. त्याच्याच शेजारीं, ताडोब्याच्या रस्त्याला, ऊर्जानगर ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत आहे. जुनें शहर गोंड राजांनीं वसविलें, नवें कोळशानें वसविलें. पण दोघांचाही जीव पाण्यांत आहे.

जुन्या चांद्याच्या जन्माची कथाच पाण्यापासून सुरू होते. खांडक्या बल्लाळशहा या राजाच्या अंगावर फोड उठले होते. शिकारीच्या नादांत तहानेनें व्याकुळ झालेला राजा झरपट नदीच्या काठीं आला, तेथल्या पाण्यानें त्याची व्यथा गेली आणि राणीच्या सल्ल्यानें त्यानें तेथें नगर वसविलें, अशी आख्यायिका आहे. तिचा ऐतिहासिक आधार कितीही पातळ असो, ज्या प्रदेशांत उन्हाळा असा कडक, तेथील लोकांनीं आपल्या राजधानीचा आरंभ एका झऱ्यापाशीं कल्पावा, हें अर्थपूर्ण आहे. पुढें गोंड राजांनीं तळीं खोदणारास उत्तेजन दिलें; जो तळें बांधील, त्याला त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन मिळे, असें सांगतात. जुन्या शहराकडून ऊर्जानगरकडे जातांना लागणाऱ्या तुकूम या वस्तीच्या नांवांत अशा जमीनदानाचीच आठवण आहे. शहरांतील रामाळा तलाव त्याच राजवटीची देणगी होय.

१७५१ मध्यें नागपूरकर भोसल्यांनीं गोंडांचें राज्य घेतलें, तरी लोकांचा उन्हाळा गोंडांचाच राहिला. राणी हिराईनें बांधलेल्या महाकालीच्या मंदिरांत चैत्र शुद्ध षष्ठीपासून पौर्णिमेपर्यंत यात्रा भरते. मराठवाड्यांतून व तेलंगणांतून यात्रेकरू येतात, झरपटेंत स्नान करतात, उघड्यावर चुली मांडतात आणि देवीला नैवेद्य दाखवितात. चैत्राच्या उन्हांत शेंकडों कोसांवरून आलेल्या या माणसांना पाणी पाजणें हा शहरवासीयांचा जुना धर्म. पाणपोईचा मांडव व त्याखालचे माठ हीच तेथली खरी स्वागतकमान.

ऊर्जानगर या परंपरेंत फार उशिरां आलें. १९६४ मध्यें चांदा जिल्ह्याचें नांव चंद्रपूर झालें, १९८२ मध्यें त्यांतून गडचिरोली निराळा झाला, आणि १९८३ मध्यें येथल्या वीज केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच चालू झाला. कोळसा जवळच्या खाणींतून, पाणी इरई नदीवरील धरणांतून आणि माणसें महाराष्ट्राच्या सर्व भागांतून आलीं. कोंकणांतून वा देशावरून आलेल्या कुटुंबाला पहिल्या उन्हाळ्यांत दोन गोष्टी शिकाव्या लागल्या: सकाळीं दहाच्या आंत बाहेरचीं कामें उरकणें, आणि शेजारणीच्या स्वयंपाकघराचा गुण ओळखणें.

त्या शेजारणीनें त्यांना आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची, ताक घातलेली आंबील दिली. भाजलेल्या कैरीचें पन्हें व बेलफळाचें सरबत दिलें. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नांवें मातीची घागर पुजतात, पुरणपोळी व आंब्याच्या रसाबरोबर चिंचगुळाची चिंचवणी करतात, हें नव्यांनीं येथेंच पाहिलें. याच दिवसांत जंगलाची शिदोरीही बाजारांत येते: टेंभुरणें, चारोळी आणि पहाटे वेंचून वाळविलेलीं मोहाचीं फुलें. हें उन्ह केवळ शत्रु नव्हे. गहूं भिजवून, त्याचा चीक शिजवून, सोऱ्यानें घातलेली कुरडई वाळते ती त्याच्याच कृपेनें. माणसाला जें असह्य, तेंच वाळवणाला हवें.

सणांतही असाच मेळ झाला. १९५६ च्या १६ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं चंद्रपूरांत धम्मदीक्षा दिली. म्हणून १४ एप्रिलची जयंती येथें साऱ्या शहराचा उत्सव होते. गुढीपाडवा, रामनवमी, महाकालीची यात्रा व ही जयंती, असा चैत्र-वैशाखाचा क्रम नव्या वसाहतीनें आपलासा केला.

सायंकाळची बाग हें मात्र येथें निर्वेध सुख नाहीं. दिवसभर कोंडलेलीं मुलें सूर्यास्तानंतर बाहेर पडतात, आणि त्याच वेळीं जंगलही जागें होतें. २०२२ च्या फेब्रुवारींत वीज केंद्राच्या आवारांत वाघानें एका कामगाराचा, व लगेच दुर्गापुरांत बिबट्यानें एका किशोरवयीन मुलाचा बळी घेतला. ताडोब्याचें राष्ट्रीय उद्यान १९५५ पासूनचें. वसाहत त्याच्या वाटेवर नंतर उभी राहिली, हें विसरून चालत नाहीं.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. २०१० च्या उन्हाळ्यांत इरई धरण इतकें आटलें कीं वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. ज्या धरणावर केंद्राची भट्टी, त्याच्यावरच शहराचे माठही अवलंबून. राज्याचे पंखे फिरविणारें केंद्र एका नदीच्या तळाशीं येऊन थांबलें. इकडे झरपट मैली झाली, रामाळा तलावांत जलपर्णी माजली. मग नागरिकांनाच हात घालावा लागला: इको-प्रो या संस्थेनें २०१७ पासून जुन्या किल्ल्याची स्वच्छता केली, आणि २०२१ मध्यें रामाळ्यासाठीं उपोषण झालें.

बल्लाळशहाच्या कथेंतील राजाला बरें करणारें पाणी आपोआप मिळालें. त्याच्या वारसांनीं मात्र तळें खोदणाराला जमीन दिली, कारण पाणी मिळालें तरी तें राखावें लागतें, हें त्यांना कळलें होतें. ऊर्जानगरच्या घरांत आज पन्ह्याचा पेला पुढें येतो, तेव्हां त्यांतील पाणी त्याच इतिहासांतून आलेलें असतें. पाहुण्याला तें पुढच्या चैत्रांतही देतां यावें, एवढी जबाबदारी जुन्या व नव्या दोन्ही शहरांवर सारखीच आहे.