डिस्क बंद पडायला वीस तास

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. सकाळी ९.१२.
श्रीरामपुरातलं डीटीपीचं दुकान उघडतं. लॅपटॉपचं बटण दाबलं जातं. विंडोज १० पडद्यावर यायला अकरा मिनिटं लागतात. जूनमध्ये चार लागायची. तेवढ्या वेळात दुकानदार झाडू मारतो, उदबत्ती लावतो, चहा सांगतो. डिस्कला उरलेत २० तास १४ मिनिटं.

(दुकान, माणसं आणि मिनिटं रचलेली आहेत. बिघाडाचा क्रम रचलेला नाही. दुरुस्तीच्या टेबलावर तो असाच येतो.)

९.२३.
आतली डिस्क ५०० जीबीची, अडीच इंची. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटरच्या उंचीवरून तरंगत जातं. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड असतो.

डिस्क स्वतःची प्रकृती स्वतःच लिहून ठेवते. या नोंदींना ‘स्मार्ट’ म्हणतात. पाचव्या क्रमांकावर बदललेल्या सेक्टरांची संख्या असते: आज ११२. एकशे सत्त्याण्णवाव्यावर वाचता न आलेल्या, निकाल न लागलेल्या सेक्टरांची: २४. विंडोजच्या लॉगमध्येही जूनपासून ‘बॅड ब्लॉक’ची नोंद पडते आहे, घटना क्रमांक ७. ती लिहिली जाते. दाखवली जात नाही.

२००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. या डिस्कने दाखवली आहे. त्या अर्थी दुकानदार नशीबवान.

१०.४०.
एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल उघडतो. ६४ पानं, ३८ एमबी. कायद्याने वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. संस्थेने २५ तारीख धरली आहे. मध्ये पूर्ण चौदा दिवस सोडायचे, म्हणून अहवाल १० तारखेला टपालात पडला पाहिजे. छपाई उद्या रात्री.

फाइल पेजमेकरची, अक्षरं श्रीलिपीची, युनिकोड नसलेली. पेन ड्राइव्हवर तिची प्रत आहे, १९ ऑगस्टची. तीत सोळा पानं आहेत. ताळेबंद नंतर आला.

११.०५.
बाण हलत नाही. दुकानदार सहा मिनिटं थांबतो, मग बटण दाबून धरतो. लॅपटॉप बंद होतो.

११.२१.
‘ऑटोमॅटिक रिपेअर’. थोड्या वेळाने तोच पडदा सांगतो की दुरुस्ती जमली नाही.

दुपारी १२.३०.
दुरुस्तीवाला मुलगा येतो.
“भाऊ, विंडोज उडाली. फॉरमॅट मारावं लागंल.”
“फॉरमॅट अजिबात नको. आहे तीच उठव. सगळं बसवलेलंय तिच्यात.”

वीस तासांतला हा सगळ्यात महागडा संवाद, आणि दोघांच्याही दृष्टीने तो शहाणपणाचा आहे. फॉरमॅट टळलं, इथवर ठीकच. पण ‘तीच उठव’ म्हणजे आजारी डिस्कवरच काम करत राहायचं. दुकानदाराची भीती समजण्यासारखी आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. श्रीलिपी, प्रिंटरचे ड्रायव्हर, फॉन्ट, सगळं वर्षानुवर्षं एकेक करून बसलेलं. सीडी कुठे आहे, आठवत नाही.

पण विंडोज कुठेही मिळते. कंपनीकडून विंडोज बसवून आलेल्या लॅपटॉपची किल्ली विंडोज ८ पासून मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते; डिस्क फेकून दिली तरी ती राहते. पाच आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्ट विंडोज १० चे नेहमीचे अपडेटही थांबवणार आहे. ३८ एमबींची दुसरी प्रत मात्र जगात नाही.

१.१०.
मुलगा ‘चेकडिस्क’ लावतो, ‘आर’ जोडून. हा हुकूम प्रत्येक सेक्टर वाचून बघतो आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितोही. धडधाकट डिस्कवर तो उपयोगी आहे. दुकानदार जेवायला जातो.

२.५५.
२७ टक्के. आकडा पाऊण तास हललेला नाही. खराब सेक्टर लागला की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचायला जाते. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. असे शेकडो फेरे एकाच जागेवर.

३.४७.
टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. हेड जागा चुकून मूळ ठिकाणी परततं आहे. शेजारी झेरॉक्स मशीन चालू आहे.

४.३२.
लाइट जाते. इन्व्हर्टरच्या पॉइंटवर प्रिंटर आहे. लॅपटॉपची जुनी बॅटरी नऊ मिनिटं टिकते. चेकडिस्क ३१ टक्क्यांवर तुटतो.

५.५०.
लाइट आलेली आहे. मुलगा दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करतो. सी ड्राइव्ह उघडतो. फोल्डर दिसतं. अहवालाची फाइल दिसते, नाव शाबूत.

तो कॉपी लावतो. ‘१९ मिनिटं बाकी.’ मग ५२. मग दोन तास. दारात लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक उभं आहे.
“ते राहू दे,” दुकानदार म्हणतो. “विंडोज उठली की सगळंच मिळंल.”

५.५८.
‘रद्द करा’.

रात्री ८.१५.
मुलाचा पुण्यातला मित्र फोनवर सांगतो: आधी डिस्कची नक्कल कर, मूळ डिस्कला हात लावू नको. ‘डीडीरेस्क्यू’ वापर. आंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेला हा मोफत प्रोग्राम सोपं ते आधी उचलतो, अडलेलं सोडून पुढे जातो, कुठवर आलो ते नकाशात लिहितो आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो. सेकंदाला ८० एमबी मिळाले तर ५०० जीबी पावणेदोन तासांत उतरतात. दोनच एमबी मिळाले तर एकोणसत्तर तास लागतात, पण चांगला भाग आधी हाती येतो.

सल्ला बरोबर आहे. त्याला दुसरी, तेवढीच मोठी डिस्क लागते. दुकानं बंद झाली आहेत.
“सकाळी आणू,” दुकानदार म्हणतो.

इथे लॅपटॉप बंद केला असता तर डिस्क सकाळपर्यंत नुसती पडून राहिली असती.

९.४०.
“तवर रिकामं कशाला ठेवायचं,” मुलगा म्हणतो. चेकडिस्क पुन्हा लागतो. या वेळी चार्जर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर. शटर खाली.

मंगळवार, ९ सप्टेंबर. रात्री २.१०.
४४ टक्के. एकशे सत्त्याण्णवाव्या नोंदीत आता चार आकडी संख्या.

पहाटे ४.५१.
हेड तबकडीला टेकतं. तबकडीवरचा चुंबकीय लेप अब्जांश मीटरांत मोजतात. तो खरवडला जातो, धूळ उडते आणि फिरणाऱ्या तबकडीवर पसरते. लेप गेला की त्यावरचा मजकूर कुठल्याही प्रयोगशाळेत परत येत नाही.

५.२६.
मोटर थांबते.

९.३०.
‘नो बूटेबल डिव्हाइस’. बायोसच्या यादीत डिस्कचं नाव नाही.

१०.१५.
नवी ४८० जीबीची एसएसडी बसते. दुकान उघडल्या उघडल्या मिळाली. विंडोज २३ मिनिटांत चढते आणि इंटरनेट मिळताच कुणी काही न विचारता ॲक्टिव्हेट होते.

दुपारी १.४०.
पेजमेकरची सीडी सापडते, पत्रिकांच्या नमुन्यांच्या फायलीत.

४.२०.
श्रीलिपी चालू. प्रिंटर चालू. लॅपटॉप सव्वीस सेकंदांत उघडतो.

५.०५.
१९ ऑगस्टची सोळा पानं पडद्यावर. बाकी अठ्ठेचाळीस कागदावरून पुन्हा टाइप करायची आहेत. कागद संस्थेत परत गेले आहेत.

६.४०.
संस्थेचा शिपाई प्रूफ न्यायला येतो.