धूळ, दमा आणि प्रूस्तची खोली

मार्सेल प्रूस्तची पॅरिसमधील खोली ही साहित्येतिहासातील एक दंतकथाच होऊन बसली आहे. १९१० साली त्याने तिच्या भिंतींना बुचाचे तक्ते लावून घेतले, खिडक्या-पडदे बंद ठेवले आणि रात्र रात्र अंथरुणात बसून आपली महाकादंबरी लिहिली. या खोलीत कुणाला स्मृतीचा गर्भ दिसला, कुणाला संन्यास. त्या अंथरुणातील धूळ मात्र या अर्थनिर्णयात सहसा येत नाही.

प्रूस्तला लहानपणापासून दमा होता. त्या काळचे वैद्यक दम्याकडे मुख्यतः मज्जाविकार म्हणून पाही. त्याचे वडील आद्रियां प्रूस्त हे नामवंत आरोग्यशास्त्रज्ञ. मज्जादौर्बल्याच्या रुग्णांनी कसे राहावे, यावर त्यांनी जिल्बेर बाले यांच्यासह लिहिलेले पुस्तक १८९७ साली निघाले. योगायोग असा, की त्याच वर्षी त्रुएसार या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने एका अतिसूक्ष्म, आठ पायांच्या जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले. कोळ्याच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचा हा जीव म्हणजे आज आपण ज्याला घरातील धुळीचा माइट म्हणतो तो. या दोन घटनांचा परस्परसंबंध लक्षात यायला मात्र पुढे कित्येक दशके जावी लागली.

'ॲलर्जी' हा शब्द फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. घरातील धूळ दम्याला कारण होऊ शकते हे अमेरिकेत रॉबर्ट कुक यांनी १९२२ साली मांडले; प्रूस्तचा मृत्यू त्याच वर्षीचा. त्या धुळीत नेमके काय आहे, याचे निर्णायक उत्तर १९६४ साली हॉलंडमधील लायडेन येथे फोरहॉर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. माणसाच्या अंगावरून गळणारी त्वचेची सूक्ष्म टरफले खाऊन माइट गादी-उशीत जगतो. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो. म्हणून दमट, बंद खोल्या त्याला मानवतात. १९८१ साली असेही दिसून आले, की ॲलर्जी जागवणारे प्रथिन मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांत असते. अंथरूण झटकले की हे कण हवेत उडतात.

दरम्यान, १९४१ साली शिकागोच्या फ्रेंच आणि अलेक्झांडर या मनोविश्लेषकांनी दम्याचा झटका म्हणजे आईसाठी फुटलेला पण दाबला गेलेला हुंदका, असे प्रतिपादन केले होते. आईच्या निरोपाच्या चुंबनासाठी तळमळणारा मुलगा रंगवणाऱ्या लेखकाला हा सिद्धांत किती चपखल बसतो! आणि नेमका म्हणूनच तो धोक्याचा आहे.

प्रूस्तचा दमा माइटमुळेच होता असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. त्याला फुलांच्या परागांचाही त्रास होई, आणि मनाच्या ताणाने दमा बळावतो हेही खरे. मुद्दा वेगळा आहे. रोगाचे कारण अज्ञात असते तेव्हा ती पोकळी रूपक भरून काढते, आणि रुग्णाचा श्वास कोंडणे हा त्याच्या स्वभावाचा दोष ठरतो. साहित्याचे वाचक या नात्याने आपण रूपकांवर प्रेम करतो. परंतु दुसऱ्याच्या व्याधीचा अर्थ लावताना, आधी गादी उन्हात घालून पाहावी, हे बरे.