इक्वलायझर कुठे जोडायचा? घरातल्या कॅसेटी आणि वत्सगुल्माचा ताम्रपट

१/ ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या घरात 'डेक' आला, तिथे त्याच्या दर्शनी भागावर बहुधा उभ्या सरकपट्ट्यांची एक ओळ असे. दोन्ही टोकांच्या पट्ट्या वर आणि मधल्या खाली, अशी रचना करून लोक गाणी ऐकत. ही ओळ म्हणजे इक्वलायझर. हे उपकरण आले कुठून, घरच्या व गाडीच्या स्टिरिओला ते जोडतात कसे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी, हे या धाग्यात पाहू.

२/ प्रथम नाव. इक्वलायझर म्हणजे समान करणारा. हा शब्द दूरध्वनीच्या तंत्रातून आला. लांब तारेतून जाताना आवाजातील उंच स्वर खालच्या स्वरांपेक्षा अधिक क्षीण होतात. पलीकडच्या माणसाला बोलणे दबलेले ऐकू येई. ही घट भरून काढण्यासाठी अभियंत्यांनी तारेच्या टोकाला एक मंडल जोडले. इकडे जे बोलले गेले, तेच तिकडे ऐकू यावे, एवढाच त्याचा हेतू होता.

३/ १९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण व्यवहारात आले. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गात. आता मायक्रोफोन व अँप्लिफायर आले आणि त्यांच्याबरोबर स्वरांची पातळी जाणीवपूर्वक कमी-जास्त करण्याची सोयही आली. बोलपटांच्या काळात स्टुडिओत हे काम नित्याचे झाले. समान करण्यासाठी जन्मलेले यंत्र आता वेगळे करण्यासाठीही वापरले जाऊ लागले.

४/ इथे एक भेद नीट लक्षात ठेवू, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. काही फेरफार ठरावाने होतात. तबकडीवर खर्ज आहे तसा कोरला तर खाच फार रुंद होते. म्हणून कोरताना खर्ज दाबतात, तार स्वर वाढवतात आणि वाजवताना नेमके उलट करतात. १९५० च्या दशकात यासाठी एकच प्रमाण वक्र रूढ झाला. कॅसेटलाही असेच नियम आहेत. साध्या फितीसाठी १२० मायक्रोसेकंद व क्रोम फितीसाठी ७० मायक्रोसेकंद ही त्यांची मापे. डेकवरचे 'नॉर्मल/क्रोम' बटण त्यासाठीच असते.

५/ दुसरा प्रकार आवडीचा. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी दाखवून दिले की आवाज हळू असेल तर आपल्या कानाला खर्ज विशेष कमी ऐकू येतो. १९५२ मध्ये पीटर बॅक्सन्डॉल यांनी 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात बास व ट्रेबल नियंत्रणाचे मंडल प्रसिद्ध केले आणि पुढे ते असंख्य घरगुती यंत्रांत गेले. बास व ट्रेबलच्या दोन गुंड्यांऐवजी पाच, सात किंवा दहा पट्ट्या आल्या, तेव्हा त्याला ग्राफिक इक्वलायझर म्हणू लागले. पट्ट्यांची टोके जोडली की आलेखच दिसतो, म्हणून हे नाव.

६/ दहा पट्ट्यांच्या यंत्रात पहिली पट्टी साधारण ३१ हर्ट्झची असते. प्रत्येक पुढची दुप्पट: ६३, १२५, २५० असे करीत १६,००० पर्यंत. पट्टी सहसा १२ डेसिबल वर किंवा खाली जाते. १२ डेसिबल वाढ म्हणजे त्या पट्ट्यातील शक्ती सुमारे सोळा पट. म्हणूनच सगळ्या पट्ट्या वर ढकलल्या की अँप्लिफायर फाटक्या आवाजात बोलू लागतो.

७/ फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. भारतात तिची खरी लाट ऐंशीच्या दशकात उसळली. तबकडी काढायला कारखाना लागे, कॅसेट उतरवायला दोन डेक पुरत. त्यामुळे मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचे संगीत बाजारात आले. पीटर मॅन्युएल यांचा 'कॅसेट कल्चर' (१९९३) हा ग्रंथ उत्तर भारतातील याच उलथापालथीचा अभ्यास आहे.

८/ पण कॅसेटचे इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोठे वैशिष्ट्य वेगळेच आहे: तिच्यावर घरीही ध्वनिमुद्रण करता येई. वऱ्हाडात कीर्तन, भारूड, भीमगीते, बंजारा तांड्यांवरची होळीची लेंगी, लग्नातली गाणी, आजोबांचे बोलणे असे काय काय रिकाम्या कॅसेटींवर उतरले. पोहरादेवी ज्या जिल्ह्यात आहे, त्या वाशिममध्ये गोरमाटी बोलीतील अशी एखादी घरगुती फीत म्हणजे अस्सल साधन होय. तिची दुसरी प्रत बहुधा कुठेही नसते.

९/ आता जोडणी. घरच्या स्टिरिओत इक्वलायझरची नेहमीची जागा म्हणजे अँप्लिफायरच्या पाठीमागची 'टेप' जोडी. आधी सर्व यंत्रे बंद करावीत. 'टेप आउट'मधून निघालेली तार इक्वलायझरच्या 'इन'मध्ये, इक्वलायझरच्या 'आउट'मधली तार अँप्लिफायरच्या 'टेप इन'मध्ये. लाल पिन उजव्या बाजूची, पांढरी डावीची. मग दर्शनी भागावरचे 'टेप मॉनिटर' बटण दाबले की आवाज इक्वलायझरमधून फिरून येतो.

१०/ ही जोडी मुळात टेप डेकसाठी होती. तिथे इक्वलायझर बसवला तर डेक कुठे जोडायचा? त्यासाठी इक्वलायझरच्या पाठीवरच डेकची वेगळी जोडी असते. 'टेप आउट'ला मिळणारा आवाज अँप्लिफायरच्या व्हॉल्यूम, बास, ट्रेबल यांच्या आधीचा, म्हणजे कोरा असतो. यंत्र रचणाऱ्यांनी हे जाणून केले होते: ऐकणाऱ्याने गुंडी कितीही फिरवली तरी मुद्रणावर तिचा परिणाम होऊ नये.

११/ मात्र घरगुती इक्वलायझरवर अनेकदा एक लहान बटण असे. एका बाजूला ठेवले तर पट्ट्यांचा परिणाम फक्त स्पीकरवर. दुसऱ्या बाजूला, म्हणजे 'रेकॉर्ड'वर ठेवले तर तो परिणाम फितीवर कायमचा. दुसऱ्याच्या कॅसेटची प्रत करताना पुष्कळांनी हे बटण हौसेने दाबले. मूळ कॅसेट परत गेली, घरात उरली ती कुणाच्या तरी आवडीनुसार बदललेली प्रत.

१२/ गाडीत चूक झाली तर नुकसान यंत्राचे होते, फितीचे नाही, कारण तिथे आवाज फितीकडे परत जात नाही. इक्वलायझर डेकचे 'प्री-आउट' आणि अँप्लिफायर यांच्या मधोमध बसतो. त्याला १२ व्होल्टची तार, चालू करण्याचा संकेत देणारी 'रिमोट' तार आणि अर्थिंग लागते. डेक, इक्वलायझर व अँप्लिफायर यांचे अर्थिंग एकाच ठिकाणी घेतले तर इंजिनबरोबर चढणारी शीळ सहसा येत नाही. स्पीकरच्या तारा मात्र इक्वलायझरच्या पिनांत थेट घालू नयेत. बऱ्याच डेकमध्ये स्पीकरची ऋण तार अर्थिंगला जोडलेली नसते, ती जोडली तर डेक जळू शकतो.

१३/ आता वाशिमकडे वळू. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ मध्ये विद्वानांसमोर आला. राजाच्या ३७ व्या राज्यवर्षातले हे दानपत्र. त्यात वंशावळ संस्कृतात आहे, दानाचा मजकूर प्राकृतात. वा. वि. मिराशी यांच्या वाकाटक लेखसंग्रहात (१९६३) त्याचा समावेश आहे.

१४/ लेखविद्येची एक शिस्त आहे. आधी ठसा घ्यायचा, मग वाचन करायचे. ठशात अक्षर पुसट असेल तर पुसटच राहू द्यायचे. आपल्याला काय वाटते ते वाचनात लिहायचे, ठशावर गिरवायचे नाही. म्हणून पहिल्या वाचकाचा तर्क चुकला तरी पन्नास वर्षांनी दुसरा अभ्यासक ठशाकडे परत जाऊ शकतो. कुणी छिन्नीने ताम्रपटावरचीच अक्षरे 'स्पष्ट' केली असती, तर ती वाट कायमची बंद झाली असती.

१५/ ध्वनिफितीच्या बाबतीत कोरी डिजिटल प्रत म्हणजे ठसा आणि इक्वलायझर म्हणजे वाचन. पहिला प्रकार, म्हणजे १२० किंवा ७० मायक्रोसेकंदांचा ठरलेला वक्र, लिपी ओळखण्यासारखा आहे. तो लावलाच पाहिजे. दुसरा प्रकार अर्थ लावण्याचा आहे. तो लावावा, पण वेगळ्या प्रतीवर.

१६/ उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील स्त्रियांच्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आज तो संग्रह 'पारी'च्या संकेतस्थळावर आहे. अशा एखाद्या ध्वनिमुद्रणात जात्याची घरघर आली, तर खालच्या दोन पट्ट्या ओढून ती सहज कमी करता येईल आणि शब्द अधिक स्वच्छ ऐकू येतील. पण ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते. घरघर गेली की ती लय कामातून कशी आली, याचा पुरावाही गेला.

१७/ दुसरे उदाहरण विजेच्या गुणगुणीचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून विजेवर चालणाऱ्या टेपवर ती बारीक 'हंऽऽ' उतरते. ती ५२ वर मिळाली तर फीत सुमारे ४ टक्के वेगाने वाजत असल्याचा संशय घ्यावा आणि गायकाची पट्टी त्यानुसार तपासावी. त्या काळी आपल्या वीजजाळ्याची वारंवारता स्वतःच ढळत असे, म्हणून हे माप ढोबळ. तरीही ही खूण मोलाची आहे, आणि ६३ हर्ट्झची पट्टी खाली ओढली की सर्वांत आधी तीच जाते.

१८/ इक्वलायझर जे नाही ते निर्माण करू शकत नाही, हेही सांगायला हवे. कॅसेटचा आवाज बसका येत असेल तर कारण अनेकदा डेकच्या हेडवरचा मळ किंवा हेडचा किंचित तिरकेपणा असते. तेव्हा १० किलोहर्ट्झची पट्टी वर ढकलली तर हाती लागते ती फितीची खरखर. हेड स्वच्छ करून त्याचा कोन नीट केला की हरवलेले स्वर आपोआप परततात.

१९/ घरी कॅसेट उतरवायची असेल तर क्रम असा ठेवावा. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. हेड साफ करावे. फितीचा प्रकार व डॉल्बीचे बटण योग्य ठेवावे. डेकच्या 'लाइन आउट'मधून तार थेट संगणकात घ्यावी, मध्ये इक्वलायझर नको. २४ बिट, शक्यतो ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल करावी. खोक्यावरची अक्षरे, तारीख, गावाचे नाव यांचेही छायाचित्र घ्यावे.

२०/ मग त्या फाइलची दुसरी प्रत करावी आणि तिच्यावर इक्वलायझर मनसोक्त चालवावा. वय वाढले की उंच स्वर कमी ऐकू येतात. आजीला तिच्याच आईचा आवाज ऐकवायचा असेल तर वरच्या पट्ट्या चढवणे हेच योग्य. गाडीतल्या लेंगीला नंगाऱ्याचा घुमारा हवा असेल तर खालच्या पट्ट्या चढवाव्यात. त्यात इतिहासाची कोणतीही हानी नाही, कारण ठसा जागेवर सुरक्षित आहे.

२१/ आज मोबाइलवर एका बटणात जुना आवाज 'सुधारून' मिळतो, आणि त्याने नेमके काय वगळले ते सांगितले जात नाही. दुसरीकडे चालू स्थितीतले डेक दुर्मीळ होत आहेत. बऱ्याच कॅसेटी आता एकदाच वाजतील आणि एकदाच उतरवल्या जातील. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठेही तुमच्या घरात अशी पेटी असेल, तर त्या एका वेळी इक्वलायझर तारेच्या बाहेर ठेवा. (समाप्त)